बीपी आहे आणि झाडपाल्याचं काही घ्यायचंय? मग हे असं करा

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की अधूनमधून कोणीतरी खिशातून कागदाची पुडी काढतंच आणि विचारतं, ताई हे बीपीसाठी दिलंय, गोळीसोबत चालेल का? पुडी उघडावी तर आत तपकिरी भुकटी, वर नाव काही लिहिलेलं नाही. देणारा चांगल्या मनाने देतो, घेणारा आशेने घेतो, पण त्या भुकटीत अर्जुनाची साल आहे की सर्पगंधा आहे की ज्येष्ठमध आहे यावर सगळं अवलंबून आहे, कारण पहिल्याने बीपीत फार काही फरक पडत नाही, दुसऱ्याने तो चांगलाच खाली येऊ शकतो आणि तिसऱ्याने उलट वर जातो. तिन्ही दिसायला जवळजवळ सारख्याच.

मी फार्मसिस्ट आहे, अकोल्याकडची, आणि झाडपाल्याच्या विरोधात अजिबात नाही. अंबाडी, जवस, लसूण हे आमच्या घरात रोजचंच. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या वनस्पतीने खरोखर बीपी उतरतो ती औषधच आहे, मग औषधाला जे नियम लागतात ते तिलाही लागणार, म्हणजे नाव माहीत पाहिजे, किती घ्यायचं ते माहीत पाहिजे, फरक मोजता आला पाहिजे आणि डॉक्टरांना ते माहीत असलं पाहिजे. हे सगळं कसं करायचं ते खाली लिहिलंय.

चालू गोळी बंद करायची नाही

हे सगळ्यात आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. माणूस काढा चालू करतो आणि त्याच दिवशी गोळी सोडतो, पाच-सहा दिवसांनी बीपी चेक करतो, नॉर्मल येतो, आणि मग गावभर सांगत सुटतो की काढ्याने बीपी गेला. प्रत्यक्षात काय झालेलं असतं, तर आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारी गोळी म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, ती अंगातून निघायला खूप वेळ घेते, तीस ते पन्नास तासांत ती निम्मीच होते, म्हणजे शेवटची गोळी घेतल्यावर पुढचे काही दिवस तिचाच असर चालू असतो. तो असर संपतो तोपर्यंत माणसाने मशीन कपाटात ठेवून दिलेली असते.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडीन चालू असेल तर अजूनच सांभाळा. या गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी नुसता परत येत नाही, आधीपेक्षा वर उसळू शकतो, छातीत धडधड होते, हृदयाचा त्रास असलेल्यांना तर झटकाही येऊ शकतो. या गोळ्या कमी करायच्या तर डॉक्टर हळूहळू उतरवत आणतात.

अजून एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही ती म्हणजे ऋतू. थंडीत बीपी चढता असतो आणि उन्हाळ्यात उतरता, आमच्या विदर्भातल्या उन्हात तर चांगलाच उतरतो. मार्चमध्ये कोणतंही चूर्ण चालू केलं तरी मे महिन्यात आकडा कमीच दिसणार. म्हणून वही लागते.

आधी वही, मग वनस्पती

काहीही नवीन चालू करण्याआधी एक आठवडा नुसतं मोजा. दंडाला कफ लावायची डिजिटल मशीन घ्या, मनगटाची नको, तिची रीडिंग हात थोडा वरखाली झाला तरी बदलते. कफ दंडाच्या मापाचा पाहिजे, दंड जाड आणि कफ छोटा असेल तर आकडा उगाच जास्त येतो आणि घाबरगुंडी उडते.

मोजायची पद्धत अशी. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, विडी काही नको, चालून किंवा जिना चढून आल्या आल्या नको. लघवीला जाऊन या, हे खरंच महत्त्वाचं आहे, लघवी तुंबलेली असली तर बीपी वर दाखवतो. खुर्चीत पाठ टेकवून बसा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, फोन नाही, टीव्हीवरची भांडणं नाहीत. हात टेबलवर असा ठेवा की कफ छातीच्या लेव्हलला येईल, बाही गुंडाळून दंड आवळू नका. एकदा मोजा, एक मिनिट थांबा, परत मोजा, दोन्ही लिहा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. असं सात दिवस करायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा कारण पहिल्या दिवशी सगळ्यांचंच धाकधूक होऊन जास्त येतं, आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या मशीनवर सरासरी 135/85 किंवा वर असेल तर बीपी जास्त धरतात, दवाखान्यात हीच मर्यादा 140/90 असते.

ही सरासरी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे काय बदललं ते याच आकड्याशी ताडून बघायचंय. खाली मी पॉइंट म्हणते ते म्हणजे मशीनवरचा वरचा आकडा किती उतरला ते. अंदाजासाठी सांगते, बीपीची एक साधी गोळी वरचा आकडा सरासरी दहाच्या आसपास उतरवते. स्वयंपाकघरातल्या वनस्पतीकडून साधारण तीन ते आठ पॉइंटची अपेक्षा ठेवा. ते कमी नाही, पण 170 चा 120 त्याने होत नाही.

अंबाडी

माझ्या मते यादीत पहिली अंबाडीच. आपण पाल्याची भाजी खातो, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी. पण बीपीसाठी ज्याच्यावर अभ्यास झालाय ती भाजी नाही, ती लाल अंबाडीची बोंडं. फूल गळून पडल्यावर बीच्या भोवती जी जाड मांसल लाल पाकळ्यांसारखी आवरणं उरतात ती. ही हिवाळ्यात बाजारात येतात, काही घरी त्याची चटणी, जॅम, सरबत करतात. वाखासाठी लावतात त्या अंबाडीला अशी मांसल लाल बोंडं येत नाहीत. आणि देवाला वाहतो ती जास्वंदही वेगळी, एकाच कुळातली असली तरी तिची फुलं उकळून हे फायदे मिळतील असं धरू नका.

अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात 65 लोकांवर अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापून आला. त्यांना कुठलीही बीपीची गोळी चालू नव्हती, बीपी किंचित वाढलेला किंवा वाढायच्या बेतात होता. अर्ध्यांना रोज तीन कप बोंडांचा चहा, अर्ध्यांना तसंच दिसणारं चवीचं पाणी, सहा आठवडे. चहावाल्यांचा वरचा आकडा सरासरी 7 पॉइंटने उतरला, पाणीवाल्यांचा 1 ने. बघा, नुसत्या पाण्यानेही थोडा उतरतो, म्हणून एकट्यादुकट्याच्या अनुभवावर विश्वास ठेवू नये.

करायचं कसं तर बोंडं आणून आतलं हिरवं फळ चाकूने गोल कापून ढकलून काढा, लाल भाग सावलीत कडकडीत वाळवा, बुरशी आली तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. वाळलेला चुरा साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे चहाचा छोटा चमचा, एक कप उकळतं पाणी ओतून झाकून पाच-सहा मिनिटं ठेवायचा आणि गाळायचा. रंग असा लालभडक येतो की बघूनच बरं वाटतं. चव आंबट असते, साखर आणि मीठ घालून सरबत केलं तर त्यातलं मीठच सगळं घालवून टाकेल, तेव्हा तसंच प्या किंवा अगदी थोडा गूळ. अ‍ॅसिडिटी असेल तर जेवणानंतर. लघवीची गोळी चालू असेल, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड वगैरे (टेल्मा एच किंवा लोसार एच असं नावापुढे एच असतं त्यात ही मिसळलेली असते), तर चालू करण्याआधी विचारून घ्या. गरोदर बाईने हा चहा घेऊ नये.

जवस

जवसाची चटणी आमच्याकडे भाकरीसोबत असतेच, तेव्हा हे सांगताना मला जरा जास्त आनंद होतो. कॅनडात विनिपेगला पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 पेशंटवर अभ्यास झाला, 2013 मध्ये निकाल आला, अर्ध्यांना रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस खाण्यातून दिलं, सहा महिन्यांनी वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा साधारण दहाने कमी होता. खाण्याच्या वस्तूसाठी एवढा फरक फार मोठा आहे. अर्थात ते सगळे आजारी पेशंट होते, बहुतेकांना औषधं चालू होती, तेव्हा प्रत्येकाला एवढाच फरक पडेल असं नाही.

अख्खं जवस खाऊन उपयोग नाही, वरचं टरफल इतकं चिवट असतं की ते तसंच बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग मिक्सरला भुकटी करा. 30 ग्रॅम म्हणजे भुकटीचे साधारण चार मोठे चमचे होतात, पहिल्या दिवसापासून एवढं घेतलं तर पोट फुगेल, तेव्हा एका चमच्यापासून सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढवा, सोबत पाणी भरपूर. भुकटी आठवड्यापुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा, जवसाला खवट वास लवकर लागतो. चटणी करायची तर लसूण, जिरं, तिखट घाला पण मीठ अगदी बेताचं. आणि कोणतीही गोळी घेतल्यावर तास-दीड तास अंतर ठेवून जवस खा, त्याचा चिकटपणा औषध शोषून घ्यायला अडवतो.

लसूण

अनशापोटी लसणाच्या पाकळ्या गिळायच्या हा सल्ला सगळ्यांनी ऐकलाय. लसणावर अभ्यास भरपूर आहेत, बीपी वाढलेल्यांमध्ये सरासरी आठेक पॉइंटपर्यंत फरक दिसतो, पण ते बहुतेक लसणाच्या पावडरच्या किंवा अर्काच्या कॅप्सूलवर झालेत, घरच्या पाकळीवर नाही. घरच्या पाकळीचं गणित असं आहे की अख्ख्या लसणात ते काम करणारं द्रव्य तयार नसतं, पाकळी ठेचली की आतले दोन घटक एकत्र येऊन अ‍ॅलिसिन बनतं, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. अख्खी पाकळी पाण्यासोबत गिळली किंवा ठेचल्या ठेचल्या कढत तेलात टाकली तर ते नीट बनतच नाही. म्हणून ठेचा, दहा मिनिटं वाटीत तसंच ठेवा, मग जेवणाच्या घासात कालवून खा. एक-दोन पाकळ्या पुरे. अनशापोटी घेण्याची काहीच गरज नाही, छातीत जळजळ मात्र हमखास होते.

सांभाळायचं कुणी? ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, यातलं काही असेल तर भाजीतला लसूण चालतो पण कॅप्सूल आणि कच्च्या लसणाचा रतीब नको, रक्तस्राव वाढतो. ऑपरेशन किंवा दाढ काढायची असेल तर दोन आठवडे आधीपासून कॅप्सूल बंद, आणि सर्जनला तसं सांगायचं.

बीट, शेवगा आणि पालेभाज्या

बीटातलं नायट्रेट तोंडातले जिवाणू बदलतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या अभ्यासात रोज 250 मिली रस चार आठवडे दिला तर बीपी सात-आठ पॉइंटने उतरला होता, बंद केल्यावर परत आला. गंमत अशी की जिवाणू मारणाऱ्या माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर हा फायदा जातो. पालक, राजगिरा, मेथी यातही नायट्रेट असतं, त्यामुळे रोज जेवणात वाटीभर पालेभाजी हा सगळ्यात स्वस्त उपाय. बीटाने लघवी लाल होते, घाबरू नका.

शेवग्याच्या पाल्याबद्दल व्हॉट्सअपवर जे फिरतं त्याला अजून मोठ्या अभ्यासांचा आधार नाही. भाजी म्हणून उत्तम आहे, जरूर खा.

किडनीचा त्रास असेल त्यांच्यासाठी मात्र हाच सगळा सल्ला उलटा होतो. बीटाचा रस, शेवगा, शहाळ्याचं पाणी, दुकानात मिळणारं लो सोडियम मीठ, या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्याही पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. दोन्ही एकत्र आले आणि किडनी कमजोर असली तर पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही त्रास जाणवतही नाही. क्रिएटिनिनचा म्हणजे किडनीचा रिपोर्ट जुना झाला असेल तर आधी तो करून घ्या.

अर्जुन

अर्जुनसादडा नदीकाठचं झाड, सालीचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेला काढा, हृदयासाठी परंपरेने देतात, छातीत दुखणं आणि हृदयाची कमजोरी यावर छोटे अभ्यासही आहेत. पण बीपी उतरवण्यासाठी म्हणून पुरावा तोकडाच आहे. वैद्यांनी हृदयासाठी दिला असेल तर घ्या, बीपीची गोळी समजून घेऊ नका. अर्जुनारिष्ट घेणाऱ्यांनी हे माहीत ठेवावं की अरिष्टात आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतं आणि गूळही असतो, डायबेटिस असेल किंवा दारू सोडलेली असेल तर त्याऐवजी दुसरा प्रकार मागा.

सर्पगंधा, जी खरोखर काम करते

इथे थोडं थांबून सांगते कारण ही गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोप न येणं, वेड लागणं, साप चावणं यावर देत आले होते. 1931 मध्ये दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून काही द्रव्यं वेगळी काढली, एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मानसिक आजारात आणि वाढलेल्या बीपीत चालते असं लिहिलं. पण जगाने लक्ष दिलं ते मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी बीपीच्या पेशंटना ही मुळी देऊन, आकडे मांडून, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. तोपर्यंत बीपीवर धड औषधच नव्हतं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते रिसर्पिन. त्याच्या गोळ्या जगभर गेल्या आणि 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मातीतल्या मुळीने आणि आपल्या डॉक्टरने बीपीच्या उपचाराची वाट उघडली याचा मला मनापासून अभिमान आहे.

आणि तरीही मी म्हणते, घरी सर्पगंधा घेऊ नका. कारण ती काम करते. रिसर्पिन नसांच्या टोकाशी साठवलेलं नॉरअ‍ॅड्रेनालीन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य, रिकामं करतं, मेंदूतलीही अशीच द्रव्यं कमी करतं, आणि हा साठा परत भरायला बरेच दिवस लागतात. म्हणजे आज जास्त घेतली तर उद्या बंद करून भागत नाही. नाक चोंदतं, नाडी मंदावते, सुस्ती येते, पोटात अल्सर होऊ शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मन खचतं, खोल उदासी येते, जुन्या काळात मोठे डोस दिले जायचे तेव्हा हे खूप दिसलं. रिसर्पिनची गोळी दिवसाला पाव मिलीग्रॅम किंवा त्याहून कमी देतात. पुडीतल्या भुकटीत किती आहे हे कुणीच सांगू शकत नाही, मुळी कुठली, किती वर्षांची, यावर प्रमाण बदलतं, शिवाय बाजारात तिच्या जागी दुसऱ्या जातीची, रस्त्याकडेला उगवणारी मुळीही खपवली जाते. खणून खणून जंगलातली सर्पगंधा इतकी कमी झालीय की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, त्यामुळे भेसळीला अजूनच वाव.

ज्यांना आधी कधी डिप्रेशन येऊन गेलंय, अल्सर आहे, पार्किन्सन आहे, किंवा जी बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजतेय, त्यांनी तर तिच्या वाटेलाच जाऊ नये. बाकी कुणाला वैद्यांनी दिलीच तर रजिस्ट्रेशन असलेले वैद्य, कंपनीच्या सीलबंद गोळ्या, लिहून दिलेला डोस आणि अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना पूर्ण माहिती, हे सगळं असेल तरच. आणि घरातल्यांनी लक्ष ठेवायचं, माणूस गप्प गप्प झाला, जेवण सुटलं, पहाटे जाग येऊन रडू येतंय असं दिसलं तर लगेच घेऊन जायचं.

बीपी वाढवणारी, जी बिनदिक्कत घेतली जाते

ज्येष्ठमध. घसा बसला, खोकला आला की काडी चघळायची, गाणारे, शिकवणारे तर खिशातच ठेवतात. एखाद-दोन दिवस ठीक आहे. पण रोज घेतलं की त्यातलं ग्लायसिरायझिन किडनीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, मग शरीरातलं कॉर्टिसोल मीठ धरून ठेवायला सांगायला लागतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं. पायाला सूज, अंगात त्राण नाही, पायात गोळे आणि बीपी वर, गोळ्या वाढवल्या तरी उतरत नाही. युरोपात ग्लायसिरायझिन दिवसाला 100 मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात. आता हिशोब करा, मुळीत ते नुसतं चार टक्के धरलं तरी पाच ग्रॅम चूर्णात 200 मिलीग्रॅम झाले. आणि बंद केल्यावरही असर जायला काही आठवडे लागू शकतात.

ते लपलेलं कुठे असतं ते बघायची सवय लावा. खोकल्याच्या काढ्यात, घशाच्या गोळ्यांत, अ‍ॅसिडिटीच्या चूर्णात, मसाला पानात. बाटली उलटी करा, चष्मा लावा, बारीक अक्षरात यष्टीमधु, मुलेठी, लिकोरिस यातलं काही दिसलं तर बीपीवाल्याने ती बाटली ठेवून द्यायची. बीपी अचानक ऐकेनासा झालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, खोकल्याचं काय घेताय? आणि दुसरा, गुडघ्यासाठी काय घेताय? कारण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन याही गोळ्या बीपी वाढवतात, आणि गुडघ्याच्या नावाने बिनलेबलची गावठी पुडी असेल तर तिच्यात काय मिसळलंय देव जाणे.

दुसरं, मीठ. लवणभास्कर चूर्णात नावाप्रमाणेच मिठं आहेत, एक नाही अनेक, हिंग्वाष्टकातही सैंधव असतं. रोज जेवणानंतर चमचा चमचा खाणारे लोक आहेत. सैंधव आयुर्वेदिक आहे म्हणून बीपीला चालतं हा गैरसमज तर घरोघरी आहे, सैंधवातही सोडियम साध्या मिठाइतकंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ सांगते, लोणचं, पापड, ठेचा, फरसाण धरून. खरं सांगायचं तर वरच्या कुठल्याही वनस्पतीपेक्षा ताटातलं मीठ कमी करणं जास्त भरवशाचं.

सोमलता म्हणून वजन कमी करायच्या पावडरींत घालतात ती एफेड्रा, तिने बीपी आणि ठोके दोन्ही वाढतात, अमेरिकेत तिच्यावर 2004 मध्ये बंदी आली. आणि कण्हेर किंवा बिट्टी, पिवळी असो की लाल, हृदयासाठी चांगली असं कुणीही सांगितलं तरी हात लावू नका, ते सरळ विष आहे, बियांनी माणसं गेलीत.

फेलोडिपिन किंवा निफेडिपिन चालू असेल तर ग्रेपफ्रूट टाळा, गोळीचा असर वाढतो. पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं फळ आहे, गणपतीत कोकणात भरपूर असतं, तेव्हा या गोळ्या असतील तर तेही विचारूनच.

आता प्रत्यक्ष चालू कसं करायचं

एका वेळी एकच, आणि ते सहा आठवडे. अंबाडीचा चहा, जवस आणि लसूण तिन्ही सोमवारपासून सुरू केलं तर फरक कशाने पडला कळणार नाही आणि त्रास झाला तर कशाने झाला तेही कळणार नाही. एक निवडा, वहीत तारीख, नाव, किती, कुठून आणलं ते लिहा, विकतचं असेल तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. त्याच वेळी डॉक्टरांना सांगा, लपवू नका, ओरडतील या भीतीने बरेच जण सांगत नाहीत आणि मग डॉक्टर आंधळेपणाने गोळ्या वाढवत जातात. या सहा आठवड्यांत बाकी काही बदलायचं नाही, गोळ्या तशाच, मीठ तेवढंच, झोप तशीच. आठवड्यातून दोन-तीन दिवस वर सांगितलेल्या पद्धतीनेच मोजायचं. पाचव्या आठवड्यात लग्नाचा हंगाम असेल तर पुढे ढकला, पंगतीतलं मीठ सगळे आकडे बिघडवेल.

मध्येच आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, एकदम अंधुक दिसणं यातलं काही असेल तर काढा, लसूण, जिभेखाली कुणाचीतरी गोळी असलं काही करत बसू नका, 108 ला फोन लावा. लक्षणं काही नसतील तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

सहा आठवड्यांनी शेवटचा आठवडा परत पहिल्यासारखा सकाळ-संध्याकाळ मोजा, सरासरी काढा आणि पहिल्या पानाशी ताडा. फरक दोन-तीन पॉइंटचा असेल तर त्याला फरक धरू नका, तेवढं रोजच वरखाली होतं, ती वनस्पती आवडत असेल तर जेवणात ठेवा नाहीतर दुसरी करून बघा. पाच किंवा जास्त उतरला असेल तर चालू ठेवा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा, गोळी कमी करायची का आणि कोणती ते त्यांना ठरवू द्या. उठताना डोळ्यापुढे अंधारी येतेय, वरचा आकडा 100 च्या आसपास दिसतोय असं झालं तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, वनस्पती त्या दिवशी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर उभं राहून एक मिनिटाने परत एकदा मोजायची सवय ठेवा, बसून नॉर्मल आणि उभं राहिल्यावर वीस पॉइंटने खाली, असं असेल तर रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडायची भीती असते.